रंबुटानच्या झाडावरची सफरचंदं

दादा,

उद्या तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. हॉल मिळालाय, भंतेजी येणार आहेत आणि मंडळाने फ्लेक्सही छापून आणलाय. त्यावर तू पांढऱ्या गणवेशात, मागे निळा समुद्र आणि खाली सोनेरी अक्षरांत 'सागराचा सुपुत्र'. बोट सुटली की पहिले दोन दिवस बादली उशाशी घेऊन झोपणारा तू! वहिनीला मी बादलीची आठवण करून दिली तेव्हा तू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "लावू दे गं. त्यांना बरं वाटतं."

मला दोन मिनिटं दिली आहेत. "मॅडम, सकारात्मक बोला," असं मंडळाच्या सेक्रेटरींनी फोन करून बजावलं. दोन मिनिटं सकारात्मक बोलता येईल इतका माझा राग अजून उतरलेला नाही. म्हणून तिथे बोलता येणार नाही ते इथे लिहिते. उत्तर तू देणार नाहीस. पण वेळेवर उत्तर तू तसंही कधी दिलं नाहीस. इंजिन रूममध्ये होतो, रेंज नव्हती, तिकडे पहाट होती, असं काहीतरी असायचंच.

राग कसला ते आधी सांगते. तुझा फोन सध्या माझ्याकडे आहे, कारण सांत्वनाच्या मेसेजना उत्तरं देण्याचं काम वहिनीने माझ्यावर टाकलंय. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यात हॉस्पिटलचा एक मेसेज सापडला. हृदयाची तपासणी, शनिवारी सकाळी साडेनऊ. त्याखाली तुझं उत्तर, तारीख बदलून हवी. त्याखाली त्यांनी दिलेली नवी तारीख, जवळजवळ चार आठवड्यांनंतरची. ती येत्या गुरुवारी आहे. आणि तो आधीचा शनिवार म्हणजे आपण सगळे सफरचंदं तोडायला गेलो होतो तो शनिवार. त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी, घराखाली कॉफीच्या रांगेत उभा असताना तू गेलास.

त्या शनिवारच्या आधी, मंगळवारी, तू मला फोन करून विचारलं होतंस, "सुमे, पुढच्या शनिवारी चालेल का?"

मी म्हटलं, नाही चालणार.

समीरने तुझ्या डॉक्टरांना विचारलं, की बाबांनी तपासणी पुढे ढकलली नसती तर काही फरक पडला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. वैद्यकशास्त्रातलं बहुधा सगळ्यात प्रामाणिक वाक्य, आणि मला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पुढचा शनिवार का हवाय, हे मी तुला विचारलंच नाही. मला वाटलं, मला माहीत आहे. आपल्या घरी कॅलेंडर भिंतीवर टांगलेलं असायचं, पण ते चालायचं तुझ्या बोटीवर. तू उतरलास की सण. अंबरनाथच्या क्वार्टरमध्ये एका वर्षी बुद्धपौर्णिमेची खीर आपण चक्क अमावास्येला खाल्ली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "आज काय विशेष?" आई म्हणाली, "आमचा चंद्र आज मुंबई बंदराला लागला." माझ्या पीएचडीचे पेढे तू आल्यावर, पाच महिन्यांनी वाटले. लोकांना वाटलं, दुसरी केली की काय.

हे सगळं मी हसत सांगत आले आहे. बाबांचं मात्र हसत सांगता आलं नाही कधी. बाबा गेले तेव्हा तू ब्राझीलच्या पलीकडे कुठेतरी होतास. मी एकोणीस वर्षांची. आईने ठरवलं, दादा आल्याशिवाय पुण्यानुमोदन करायचं नाही. तू यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत दारात येणाऱ्या प्रत्येकाला बाबा कसे गेले ते मी सांगितलं, फॅक्टरीतले कागद मी आणले, आईला जेवायला मी बसवलं. मग तू आलास. भंतेजींना बोलावलंस, खुर्च्या मांडल्यास, अडीचशे माणसांना स्वतः पंगतीत वाढलंस. सगळं इतकं नीट केलंस की लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. मधल्या दोन महिन्यांत घरात एक मुलगीही होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्याही नाही.

आणि आता तर तू निवृत्त होतास. इथे सिंगापुरात, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं ठाण मांडून बसला होतास. तरीही तारीख बदल म्हणालास, तेव्हा माझ्या तोंडून आलं, "दादा, तुझी बोट सुटली आता. एकदा तरी जगाच्या तारखेला ये. आणि दुसऱ्या शनिवारपर्यंत भोपळे मऊ पडलेले असतील."

तू हसलास. "बरं बाई. आलो."

एक शब्द बोलला असतास तर? 'तपासणी' हा चार अक्षरांचा शब्द आहे, फार जड नाही. पण तू सांगितलं नाहीस, आणि मी आठवडाभर स्वतःशी ते संभाषण पुन्हा पुन्हा करते आहे. त्यात दर वेळी तू सांगतोस आणि दर वेळी मी शहाण्यासारखी वागते.

तसा त्या सहलीचा घाट घातला तन्वीने. शाळेत त्यांना चार ऋतू शिकवले. सात वर्षांच्या तुझ्या नातीने लाल-पिवळी पानं रंगवलेला कागद घरी आणला आणि विचारलं, "आजोबा, अवर ऑटम व्हेन?" सिंगापुरात पानगळ होते ती फांद्या छाटणारी गाडी येते तेव्हा, असं मी तिला सांगणार होते. तू मात्र म्हणालास, "शोधतो." आणि त्याच आठवड्यात मला ती जाहिरात दिसली. उत्तरेकडच्या एका भाजीच्या मळ्यात दोन शनिवार 'शरदाचा सुगीमेळा', सफरचंदं आणि भोपळे स्वतःच्या हाताने तोडा. मी ती तुला पाठवली ती चेष्टा म्हणून. तू ती गांभीर्याने घेतलीस. चेष्टा समजत नाही अशातला तू नव्हतास. तुला ती समजायची आणि तरीही तू ती गांभीर्याने घ्यायचास, हा तुझा जुना रोग.

मी बुकित बातोकहून एमआरटी मेट्रोने आले, तुम्ही चौघं वुडलँड्सहून. मळ्याच्या दारात गवताच्या पेंढ्या रचलेल्या, आणि त्या पेंढ्यांना हात लावू नये अशी पाटी. प्रमुख पाहुणे चौकटीच्या शर्टात, गुडघ्यापर्यंतच्या बुटात आणि गळ्यात लोकरी मफलर घालून आले होते. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. त्यांना फीत कापायला विळा दिला. विळ्याने फीत कापली जाईना. मग कुणीतरी हळूच कात्री पुढे केली. मग त्यांनी मातीशी असलेल्या नात्याबद्दल भाषण केलं. तू माझ्या कानाशी वाकून म्हणालास, "याने आयुष्यात कोथिंबीर तरी निवडली असेल का गं?" दादा, त्या क्षणापर्यंत आपलं छान चाललं होतं.

मग आपण सफरचंदांकडे गेलो. मळ्यात सफरचंदाचं झाड नव्हतं, असणारही नव्हतं. होती रंबुटानची झाडं, लिचीच्या त्या केसाळ भावंडाची, हंगाम संपलेली. त्यांच्या फांद्यांना दुकानातली सफरचंदं प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून टांगली होती. तन्वीने एक ओढलं. फांदी वाकली, झाड हललं, पाचसहा पानं पडली. सिंगापुरातली पहिली पानगळ ती. सफरचंद जागचं हललं नाही.

"आजोबा, धिस वन कॅनॉट प्लक, ला!"

शेजारी गवती टोपी घातलेली, मळ्यातली म्हातारी आंटी कटर घेऊन उभी होती. ती आली, पट्टी कापली आणि सफरचंद तन्वीच्या हातात ठेवलं. तन्वीने ते टोपलीत टाकलं. भाजी बाजारातून आणल्यासारखा चेहरा.

तू पट्टी उचलून पाहिलीस. "केबल टाय," म्हणालास. मेलेला उंदीर सापडल्यासारखा आवाज. मग खिशात हात घातलास आणि मला कळलं की दिवस हातचा गेला, कारण तुझ्या खिशात कायम सुतळी असते. असायची.

तू सुतळीची एक गाठ मारून आंटीला दाखवलीस. वजन कितीही लागलं तरी धरून ठेवते, पण खालचं टोक ओढलं की सुटते. आंटीने दोनदा ओढून पाहिली.

"अंकल, यू वर्कर, अह?"

"चीफ इंजिनियर," तू म्हणालास.

तिने तुला शिडी दिली.

पुढचा दीड तास तू शिडीवर होतास. समीर रागावून तन्वीला बदकं दाखवायला घेऊन गेला. वहिनी सावलीत बसून म्हणाली, "मी कशी पस्तीस वर्षं काढली असतील यांच्याबरोबर, विचार कर." तू एकेक पट्टी कापत होतास, एकेक सफरचंद पुन्हा बांधत होतास. लोकांना तू मळ्याचा माणूसच वाटलास. एका गृहस्थाने खालून फर्मावलं, "अंकल, धिस साइड ऑल्सो पुट, कॅन? रेड वन."

"कॅन, कॅन," तू म्हणालास आणि शिडी त्या बाजूला नेलीस.

तेव्हा मी आले. आपलं शेवटचं भांडण ते, तेव्हा ते जसं झालं तसंच लिहिते. उद्याच्या फ्लेक्सवर ते मावणार नाही.

"दादा, उतर खाली. आपण इथे पैसे देऊन आलोय. सगळ्यांना तू मजूर वाटतोयस."

"वाटू दे. तेवढीच ओळख वाढते."

"रंबुटानच्या झाडाला सफरचंदं बांधतोयस. तुला हे हास्यास्पद वाटत नाही?"

"वाटतं ना. पण खोटं करायचं तर नीट करावं, सुमे."

"खोटं ते खोटंच."

"असू दे ना. पोरीने ओढलं की हातात आलं पाहिजे. तेवढं एक खरं असलं की झालं."

आणि मी म्हटलं, "आयुष्यभर तू हेच केलंस. खऱ्या तारखा चुकवल्यास आणि खोट्या तारखा नीट साजऱ्या केल्यास."

तुझ्या दातांत सुतळी होती. ती तू काढलीस. शिडीच्या पायरीवर बसलास, रुमालाने चेहरा पुसलास. सगळेच चेहरा पुसत होते, दादा, मला त्यात काही दिसलं नाही. आता मी तो चेहरा आठवून आठवून बघते, तर प्रत्येक वेळी तो थोडा जास्त पांढरा दिसतो. माझा आठवणींवरचा विश्वास त्यामुळे उडाला आहे.

"बाबांचं म्हणतेस," तू म्हणालास.

"हो."

"आज नको. पुढच्या शनिवारी भांडू. तू ये घरी. वहिनीला मटण करायला सांगतो."

"बघ. परत तारीख."

तू इतका मोठ्याने हसलास की आंटीही हसली. मग तू उठून पुन्हा गाठी मारायला लागलास.

पुढचा शनिवार आला. तुझा फोन आला नाही. मीही केला नाही. मला वाटलं, मटण थांबेल, भांडणही थांबेल, तीस वर्षं थांबलंय की. सोमवारी समीरचा फोन आला.

त्या दिवशीची एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुझं झाड पुरं झाल्यावर तन्वी परत आली. तू तिला सुतळीचं टोक दाखवलंस. तिने ओढलं आणि सफरचंद असं अचानक हातात आलं की ती गवतावर मागच्या मागे बसली. "आय प्लक्ड! आजोबा, आय रिअली प्लक्ड!" मागे पोरांची रांग लागली. हे तू पाहिलंस. तू पाहिलं नाहीस ते असं, की तुम्ही भोपळ्यांकडे गेल्यावर मी मागे राहिले. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि एक टोक ओढलं. क्षणभर काही होत नाही, मग फांदी वर उडते आणि तळहातावर वजन येतं. फार चांगली गाठ होती, दादा. मी ते सफरचंद पर्समध्ये लपवलं आणि घरी येऊन खाल्लं. चव भुसभुशीत होती. खोट्याला खोटं म्हणण्याचा माझा हक्क मी अजून सोडलेला नाही. पण त्या वजनाबद्दल तू म्हणालास ते बरोबर होतं, आणि हे तुला सांगण्यात कमीपणा वाटावा इतकी मी मूर्ख आहे.

भोपळे हिरव्या प्लास्टिकच्या हिरवळीवर मांडले होते. तू प्रत्येकाला बोटाच्या पेराने टकटक करून कान लावत होतास, बोटीवर बेअरिंगला स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याचं दुसरं टोक कानाला लावायचास तसा. उद्या भाषणात कुणीतरी नक्की म्हणणार, की साऱ्या यंत्रांची धडधड ओळखणाऱ्याला स्वतःच्या काळजाची ओळखता आली नाही. टाळ्या नसतात अशा कार्यक्रमात, नाहीतर पडल्या असत्या. मला ते वाक्य ऐकायचं नाही. तुला ऐकू आलं होतं. म्हणून तर तू तपासणीची वेळ घेतली होतीस. माझं ऐकून तू ती सोडलीस.

मी या देशात नवी आले तेव्हा दोन वर्षं तुमच्या फ्लॅटमध्ये राहिले. तू बोटीवर जाण्याआधी घरभर चिठ्ठ्या चिकटवून जायचास. बोट सोडणारा चीफ नव्या चीफला सगळ्या यंत्रांच्या खोडी लिहून देतो, त्याला तुम्ही हँडिंग ओव्हर नोट्स म्हणता. तशा तू घरालाही लिहायचास. वॉशिंग मशीनवर: 'कुरकुरलं तर डाव्या बाजूने एक लाथ. दोन नकोत.' गॅसवर: 'मागचा बर्नर हट्टी आहे, त्याच्याशी गोड बोला.' आणि माझ्या खोलीच्या दारावर: 'सुमा लॅबमधून उशिरा येते. जेवण झाकून ठेवणे. विचारपूस करू नये, चिडते.' ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. परक्या गावात इतकं नेमकं मला कुणी ओळखत नव्हतं. तू घरी नसायचास, पण नसतानाही घर चालवून जायचास, हे मला तुझ्यावर चिडायच्या घाईत नेहमी उशिरा आठवतं.

या वेळी जाताना मात्र तू काही लिहून गेला नाहीस. वहिनी कपाटं शोधते आहे, समीर तुझा लॅपटॉप शोधतो आहे. नोट आहे ती एकच. तू निवडलेला भोपळा वहिनीच्या ओट्यावर बसलाय. उद्याच्या जेवणात त्याचे घारगे करावेत म्हणून तिने तो परवा उचलला, तर बुडाला काळ्या मार्करने तुझं अक्षर: 'नवीन वर्षापर्यंत टिकेल. देठ धरून उचलू नये. मध्येच कापू नये.' 'नये' खाली दोन रेघा. बायकोसाठी नाही, मुलासाठी नाही, बहिणीसाठी तर नाहीच. भोपळ्यासाठी! मी ओट्यापाशी उभी राहून तुला मोठ्याने शिव्या दिल्या. वहिनीने भोपळा होता तसा ठेवून दिला. "त्यांनी लिहिलंय ना, राहू दे," म्हणाली आणि घारग्यांसाठी दुसरा आणायला गेली.

आज शुक्रवार. सकाळी तुझ्या फोनवर हॉस्पिटलची आठवण आली, की गुरुवारी वेळ आहे, येणार असल्यास एक दाबा, तारीख बदलायची असल्यास दोन, रद्द करायची असल्यास तीन. वहिनी म्हणाली, "रद्द कर गं, दुसऱ्या कुणाला तरी मिळेल." बरोबरच आहे. बटण दाबणं मला बरं वाटेना म्हणून मी फोन लावला. एका बाईंनी उचलला, आपल्या वयाच्या असाव्यात.

"अंकल कमिंग थर्सडे?"

"नॉट कमिंग."

"कॅन्सल, ऑर चेंज डेट?"

या दहा दिवसांत मी ते वाक्य बँकेत बोलले, टपालात बोलले, टेलिफोन कंपनीच्या माणसाला दोनदा स्पष्ट उच्चारांत सांगितलं. आता माझी जीभ त्याला चांगली सरावली आहे. पण तोंडून आलं, "चेंज."

"ओके, वेट, अह." टकटक टाइप केल्याचा आवाज. "जॅन्युअरी, सॅटर्डे मॉर्निंग, कॅन?"

"कॅन."

"टेल अंकल, डोन्ट चेंज अगेन. हार्ट वन, मस्ट कम."

"आय विल टेल हिम," मी म्हटलं. म्हणून सांगते आहे.

घाबरू नकोस, मी अजून इतकी बिघडलेली नाही. गुरुवारची जागा एव्हाना दुसऱ्या कुणाला गेली असेल, आणि त्याच्या बहिणीने त्या दिवशी कुठे सहल काढलेली नसो. जानेवारीची तारीख मी सोमवारी फोन करून रद्द करीन, या वेळी खरं कारण सांगून. उद्या दोन मिनिटं सकारात्मकही बोलेन. बादलीचं सांगेन, वहिनीला चालेल म्हणाली आहे. बाबांचं भांडण मात्र ठेवून घेते. त्याची तारीख तू दिली होतीस, मी नाही, आणि तू ती पाळली नाहीस.

पण सोमवार अजून लांब आहे. तोवर तुझं नाव त्यांच्या यादीत आहे, एका शनिवारच्या सकाळी. तू मंगळवारी मला इतकंच विचारलं होतंस. मी तेव्हा भोपळ्यांचं कारण दिलं, आणि तेही चुकीचं निघालं. फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी गेले, तुझ्यासारखं पेराने टकटक केलं, कान लावला.

चालेल, दादा. टणक आहे अजून.